हरलेल्यांनीच लक्षात ठेवलेले पूलचे खेळाडू

डेक्कनकर :

ज्यांचे नाव विजेत्यांच्या कोणत्याही यादीत सापडत नाही, ज्यांच्या खेळाचे एकही चित्रीकरण नाही, आणि तरीही ज्यांच्याशी एकदा खेळलेला माणूस वर्षानुवर्षे त्यांच्याबद्दल बोलत राहतो, अशा पूल, स्नूकर किंवा बिलियर्डच्या खेळाडूंविषयी हा धागा काढत आहे. इतर खेळांतही असे लोक असतात, परंतु गल्लीतल्या उत्तम फलंदाजाला निदान दहा क्षेत्ररक्षक आणि कठड्यावर बसलेली मुले पाहत असतात. पार्लरमधल्या टेबलापाशी पुष्कळदा दोघेच असतात, आणि त्यांतला एक खुर्चीत बसून आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो. त्यामुळे साक्षीदार उरतो तो हरलेला माणूस, आणि त्याने तोंड उघडले नाही तर त्या खेळाचा मागमूस राहत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर पुण्याच्या एका उपनगरातील पार्लरमध्ये टेम्पो चालवणारे एक गृहस्थ संध्याकाळी येत असत. त्यांची स्वतःची क्यू, म्हणजे चेंडू मारण्याची काठी, नव्हती. भिंतीवरच्या क्यूंपैकी त्यातल्या त्यात सरळ असलेली ते टेबलावर लोळवून निवडत. आम्ही सगळे ब्रेकनंतर, म्हणजे पहिल्या फटक्याने चेंडू विखुरल्यावर, दोन गटांपैकी ज्याचे चेंडू सोपे दिसतील तो गट घेत असू. हे मात्र कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटलेला किंवा दुसऱ्या चेंडूच्या आड अडकलेला चेंडू कोणत्या गटात आहे आणि तो कशाने सुटेल, ते आधी पाहत. मग हातात तीन-चार सोपे चेंडू शिल्लक असतानाच ते त्या अडकलेल्या चेंडूला पांढऱ्याने, म्हणजे क्यूने मारायच्या चेंडूने, हलका धक्का देऊन मोकळा करीत, म्हणजे धक्का फसला तरी पुढे खेळायला काहीतरी उरे. आम्ही तोच चेंडू शेवटपर्यंत टाळत असू आणि शेवटी तिथेच अडकत असू. ते कोणत्याही जिल्हास्तरीय स्पर्धेत उतरले नाहीत. मी एकदा आग्रह केला तेव्हा ते म्हणाले, "तिथं बूट लागतात, आणि दिवसभर गाडी उभी राहते."

माझा प्रश्न दुहेरी आहे. तुम्ही ज्यांच्याकडून असे हरलात ते नेमके काय करीत असत, आणि त्यांचे नाव बाहेर का गेले नाही? "काय जबरदस्त खेळायचा" एवढ्यावर थांबू नये, आणि हयात असलेल्या खासगी व्यक्तींची नावे लिहू नयेत, एवढीच विनंती.

हडसनकाठ :

प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण मी राहतो त्या अमेरिकेत अप्रसिद्ध राहणे हा काही खेळाडूंच्या पोटापाण्याचाच भाग होता. गावोगाव फिरून पैशावर खेळणाऱ्यांना इथे रोड प्लेअर म्हणत. स्पर्धा जिंकून वर्तमानपत्रात छायाचित्र आले की पुढच्या गावात कोणी पैसे लावायला तयार होत नसे, म्हणून स्पर्धेचे बक्षीस त्यांना तोट्याचे वाटे. ओहायोतील कँटन या शहराचे डॉन विलिस हे त्याचे ठळक उदाहरण. साठच्या दशकात अनेक अजिंक्यपदे मिळवणारे ल्यूथर लॅसिटर त्यांच्यासोबत फिरलेले होते आणि विलिस यांना ते अत्यंत वरचे स्थान देत. लॅसिटर यांचे नाव पुस्तकांत आहे, विलिस यांचे मात्र जवळपास सगळे मोठेपण त्यांच्याशी खेळलेल्या माणसांच्या बोलण्यातून आपल्यापर्यंत आलेले आहे.

या लोकांना थोडाफार उजेड मिळाला तो १९६१ मध्ये, इलिनॉय राज्याच्या दक्षिणेकडील जॉन्स्टन सिटी या छोट्या गावात. तिथल्या जॅन्स्को बंधूंनी देशभरातल्या अशा खेळाडूंना बोलावून स्पर्धा भरवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी फक्त वन-पॉकेट हा प्रकार होता. त्यात टेबलाच्या एका टोकाच्या दोन कोपऱ्यांपैकी एकेक खिसा प्रत्येकाच्या वाट्याला येतो आणि जो आपल्या खिशात आठ चेंडू आधी घालील तो जिंकतो. हा प्रकार बघ्यांना रटाळ वाटतो, कारण निम्मा वेळ चेंडू घालण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याला घालू न देण्यात जातो. परंतु खेळाडूची खरी समज तिथेच कळते असे माझे मत आहे. दिवसा स्पर्धा आणि रात्री मागच्या बाजूला पैशावरचे सामने, असे ते चाले. १९७२ मध्ये केंद्रीय सरकारच्या अधिकाऱ्यांनी जुगाराच्या कारणावरून छापा घातला आणि तो मेळा संपला.

सर्वांनाच अप्रसिद्धी स्वतःच्या मर्जीने मिळाली असे मात्र नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या स्पर्धांची दारे बंद होती. हार्लेमचे जेम्स इव्हान्स हे आपल्या काळातल्या अव्वल खेळाडूंच्या तोडीचे होते असे त्यांचे समकालीन सांगत, पण त्यांच्या नावावर कोणतेही मोठे विजेतेपद नाही, कारण ते मिळवण्याची संधीच त्यांना दिली गेली नाही. ब्रुकलिनचे सिसेरो मर्फी यांना ती १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील बरबँक येथे मिळाली आणि त्यांनी ती जागतिक निमंत्रितांची स्पर्धा पहिल्याच प्रयत्नात जिंकली.

आता माझा स्वतःचा अनुभव. न्यू जर्सीतील एका जुन्या पूल रूममध्ये निवृत्त बसचालक असलेले एक आजोबा माझ्याशी स्ट्रेट पूल खेळत. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो की, यात कोणताही चेंडू कोणत्याही खिशात, आधी सांगून, घालायचा असतो. पंधरापैकी चौदा चेंडू संपले की ते चौदा पुन्हा त्रिकोणात लावतात आणि उरलेला पंधरावा खिशात घालता घालता पांढऱ्याने तो नवा त्रिकोण फोडायचा असतो. म्हणजे पंधरावा चेंडू त्रिकोणाच्या जवळ, योग्य बाजूला, योग्य कोनात उरला पाहिजे. मी चार चेंडू उरले की त्याचा विचार करू लागे. आजोबा टेबलावर नऊ-दहा चेंडू असतानाच तो ठरवीत, आणि त्याच्या आधीचा चेंडू कोणता असेल तेही. त्यांचा पांढरा क्वचितच दुसऱ्या कुशनपर्यंत पोहोचे. पाहणाऱ्याला वाटावे की यांना सगळे सोपेच चेंडू मिळत आहेत. माझ्या एका मित्राने त्यांचा खेळ पाहून "यात विशेष काय?" असे विचारले होते, आणि याहून मोठे प्रशस्तिपत्र मला सुचत नाही. उमेदीच्या वर्षांत त्यांची पाळी रात्रीची असे, आणि स्पर्धाही रात्रीच होत.

शंकासुर :

वरील दोन्ही लेखन मला आवडले, परंतु एक शंका नोंदवणे आवश्यक वाटते. हरलेल्या माणसाला आपला प्रतिस्पर्धी असामान्य होता असे वाटण्यात स्वार्थ असतो, कारण त्यामुळे त्याचा स्वतःचा पराभव सुसह्य होतो. शिवाय टेबल कसे होते हे कोणीच सांगत नाही. पूलचा चेंडू सव्वादोन इंचांचा असतो. कोपऱ्याचा खिसा पाच इंचांहून रुंद असेल तर त्यात दोन चेंडू शेजारी शेजारी मावतात, आणि अशा टेबलावर प्रत्येक मोहल्ल्यात एक जादूगार निपजतो. तोच माणूस साडेचार इंचांच्या खिशांपुढे उभा केला की जादू ओसरते.

कीर्ती आणि कौशल्य यांचा संबंध किती सैल असू शकतो याचे अमेरिकेतलेच उदाहरण देतो. न्यू यॉर्कचे रुडॉल्फ वाँडरोन यांनी १९६१ च्या एका गाजलेल्या चित्रपटातील पात्राचे, 'मिनेसोटा फॅट्स'चे, नाव स्वतःला लावून घेतले आणि अखंड बोलण्याच्या बळावर ते देशातले सर्वांत ओळखीचे पूल खेळाडू झाले. १९७८ च्या फेब्रुवारीत दूरचित्रवाणीवर विली मॉस्कोनी यांच्याशी त्यांचा सामना झाला, तेव्हा मॉस्कोनी यांनी त्यांना सहज हरवले. दंतकथा तोंडाने वाढते आणि टेबलावर मोजली जाते. तेव्हा ज्यांचे मोजमाप कधी झालेच नाही त्यांच्याबद्दल एवढ्या खात्रीने बोलावे का?

हडसनकाठ :

शंका योग्य आहे. फॅट्सचे उदाहरण मात्र मला उलट बाजूचे वाटते. ती कीर्ती त्यांनी स्वतः सांगितलेल्या गोष्टींतून वाढली होती. आपण इथे बोलतो आहोत ते दुसऱ्यांनी, तेही पैसे गमावून, सांगितलेल्या गोष्टींबद्दल.

मोजमापाबद्दलही एक प्रकरण सांगण्यासारखे आहे. मॉस्कोनी यांनी १९५४ मध्ये ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे स्ट्रेट पूलमध्ये एकही चेंडू न चुकवता सलग ५२६ चेंडू घातले. ते आठ फुटी टेबलावर होते, स्पर्धेच्या नऊ फुटी टेबलावर नव्हे; पण उपस्थितांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या आणि तो विक्रम ठरला. १९६० मध्ये ब्रुकलिनच्या लोगन्स बिलियर्ड अकॅडमीत मायकल युफेमिया यांनी ६२५ घातले. तिथे पुराव्याची तशी तजवीज नव्हती, त्यामुळे अधिकृत मान्यता मिळाली नाही आणि पुढची जवळजवळ साठ वर्षे पुस्तकांत ५२६ हाच आकडा राहिला. २०१९ मध्ये जॉन श्मिट यांनी कॅलिफोर्नियात कॅमेऱ्यासमोर ६२६ घातले. ते नेमके ६२६ आहेत, म्हणजे ज्या आकड्याला कोणी अधिकृत मानत नव्हते त्याच्याहून एक अधिक, याची मला गंमत वाटते. त्यानंतर २०२२ मध्ये जेसन शॉ यांनी ७१४ केले. युफेमिया यांचे नाव आज ज्यांना ठाऊक आहे त्यांतले बहुतेक जण या विक्रमांच्या निमित्तानेच ते ऐकतात.

माटुंगेकर :

आमच्या पिढीला पूल उशिरा दिसले. आम्ही बिलियर्ड आणि स्नूकरवाले, बारा फुटी टेबलाचे. मी ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते मुंबईतील एका जिमखान्याचे मार्कर होते. तरुण वाचकांसाठी हे काम काय होते ते सांगतो. मार्कर भिंतीवरच्या फळ्यावर गुण सरकवी आणि मोठ्याने पुकारी. सकाळी टेबलाचे कापड बॉकच्या, म्हणजे डाव सुरू होतो त्या, बाजूकडून वरच्या टोकाकडे, म्हणजे लव जिकडे झुकलेली असते त्याच दिशेने, ब्रश करी आणि मग इस्त्री फिरवी. क्यूच्या टिपा, म्हणजे टोकावरच्या चामड्याच्या चकत्या, बदली. सभासदांच्या मुलांना शिकवी. आणि कोणी सभासद एकटा आला तर त्याच्यासोबत खेळे. या शेवटच्या कामात एक अलिखित नियम होता. सभासदाला थोडक्यात जिंकू द्यायचे, तेही असे की त्याला ते कळू नये. मला वाटते, जिंकण्याहून हे कठीण असावे.

ते खरे कसे खेळतात हे मला एका पावसाळी दुपारी समजले. हॉल रिकामा होता आणि ते एकटेच खेळत होते. मी दारात उभा राहून बराच वेळ पाहिले आणि मग म्हणालो, "आज माझ्याशी असेच खेळा." त्यांनी आधी नकार दिला, नंतर शंभराच्या डावात मला साठ गुणांची आघाडी देऊन खेळायला तयार झाले. मी पहिल्या पाळीत दोन कॅनन, म्हणजे आपला चेंडू इतर दोन्ही चेंडूंना लावण्याचे फटके, करून चुकलो. त्यानंतर मी बसलो तो डाव संपेपर्यंत उठलो नाही.

शंकासुर यांच्यासाठी तपशील देतो, कारण तपशिलाशिवाय त्यांचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये. त्यांनी बहुतेक गुण इन-ऑफने केले, म्हणजे आपला चेंडू लालला लागून खिशात जातो आणि तो पुन्हा डी मध्ये, म्हणजे बॉकच्या बाजूला आखलेल्या अर्धवर्तुळात, हाताने ठेवून पुढचा फटका मारता येतो. डी मधून मधल्या खिशात इन-ऑफ करणे कोणालाही जमते. कसब आहे ते लालला वरच्या कुशनवर आपटून त्याच पट्ट्यात परत आणण्यात, म्हणजे पुढचा फटका पुन्हा तोच मिळतो. त्यांचा लाल प्रत्येक वेळी वर जाऊन बोलावल्यासारखा खाली येई आणि जवळपास तळहाताएवढ्या जागेत थांबे. पावसाळ्यात कापड दमट होते, वेग मरतो, कुशनवरून येणारा कोन बदलतो. त्या दुपारी ते सगळे जमेस धरून त्यांचा फटका इतर वेळेपेक्षा किंचित भरीव होता, हे मला आवाजावरून कळत होते. सलग इन-ऑफ किती करता येतात यावर नियमाने मर्यादा असते, म्हणून ते मधेच एक साधा कॅनन करीत आणि पुन्हा आपल्या कामाला लागत. त्यात चमत्कृती काहीच नव्हती. हडसनकाठ यांच्या मित्राने तिथेही "यात विशेष काय?" असेच विचारले असते. आणि खिशांविषयी म्हणाल, तर त्याच टेबलावर मी पुढेही अनेक वर्षे खेळलो आणि मला तसा डाव कधी साधला नाही, त्यामुळे टेबलाचा फायदा दोघांनाही सारखाच होता.

नाव बाहेर का गेले नाही, याचे उत्तर सरळ आहे. जिमखान्याच्या स्पर्धा सभासदांच्या, आणि ते सभासद नव्हते. चषकावर ज्यांची नावे कोरली गेली त्यांतल्या निम्म्यांना त्यांनी क्यू धरायला शिकवले होते. मला याचा तेव्हाही राग येत असे, पण मी तो समितीपुढे कधी मांडला नाही, हेही खरे.

जाता जाता एक गोष्ट. आपण अप्रसिद्ध खेळाडू शोधतो आहोत, पण या खेळात प्रसिद्धी जगज्जेत्यांनाही मिळालेली नाही. विल्सन जोन्स यांचा जन्म १९२२ मध्ये पुण्यातला. त्यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये जागतिक हौशी बिलियर्ड अजिंक्यपद जिंकले. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय. त्यांचे देशातले मोठे प्रतिस्पर्धी चंद्र हिरजी यांचे नाव तर आज क्रीडाप्रेमींनाही ओळखता येणार नाही. ओम अगरवाल यांनी १९८४ मध्ये डब्लिनला जागतिक हौशी स्नूकर अजिंक्यपद मिळवले आणि दहाच वर्षांनी ते गेले. डेक्कनकर, तुमच्या पार्लरमध्ये या तिघांपैकी एकाचे तरी छायाचित्र आहे का?

स्वरूपा :

माटुंगेकर काका, सभासदत्वाचा तोच प्रश्न स्त्रियांच्या बाबतीत अजून मागे जातो. मी महाविद्यालयात असताना पार्लरमध्ये खेळू लागले तेव्हा मालक दर वेळी विचारत, "सोबत कोण आहे?" तिथेच मला एक बाई भेटल्या. शेजारच्या इमारतीत त्यांचे शिवणकाम चाले आणि दुपारी टेबल स्वस्त असे तेव्हा त्या येत. सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा चेंडू मिळू न देणारा फटका, खेळण्यात मी त्यांच्यासारखे कोणी पाहिलेले नाही. पांढरा अर्धा झाकला जाईल एवढाच आड ठेवायचा, जेणेकरून समोरच्याला चेंडू दिसतो आहे असे वाटावे आणि त्याने मोह होऊन अशक्य कट, म्हणजे चेंडूच्या कडेला निसटता लागणारा फटका, मारावा, ही त्यांची पद्धत होती. पूर्ण झाकले तर माणूस सावध होतो आणि नीट विचार करून कुशनवरून खेळतो, असे त्या म्हणत. मी तो मोह पुन्हा पुन्हा केला. पुरुष खेळाडू त्यांच्याशी एकदा हरले की दुसऱ्यांदा "आज वेळ नाही" असे सांगत. म्हणजे शंकासुर म्हणतात तशी हरलेल्याची अतिशयोक्ती सोडाच, इथे हरलेल्यांनी उल्लेखही केला नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या होन्सडेलच्या रूथ मॅकगिनिस तीसच्या दशकात गावोगाव जाऊन तिथल्या पुरुष खेळाडूंशी प्रदर्शनीय सामने खेळत आणि बहुतेक जिंकत. ब्रुकलिनच्या जीन बलुकस यांनी १९७२ पासून सलग सात वर्षे अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली आणि पुढे तिशी ओलांडण्याआधीच स्पर्धात्मक खेळ सोडून दिला. ही नावे मला कुठल्याही पार्लरमधल्या गप्पांत ऐकू आलेली नाहीत.

टेम्सकाठी :

लंडनमधून एक भर घालतो, कारण इंग्लंडमध्ये दार बंद करणारे लोक व्यावसायिक खेळाडूंपैकीच होते. दक्षिण लंडनमधील डेप्टफर्डचे पॅट्सी हूलिहन १९६५ मध्ये इंग्लिश हौशी स्नूकर अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात जॉन स्पेन्सर यांना ११-३ असे हरवून विजेते झाले. हेच स्पेन्सर १९६९ मध्ये जगज्जेते झाले. हूलिहन यांना मात्र व्यावसायिक होण्याची परवानगी त्या काळात मिळाली नाही. मूठभर व्यावसायिकांनी नव्यांना आत घेणे जवळपास बंद केले होते, आणि १९५८ ते १९६३ या काळात तर जागतिक अजिंक्यपदाचा सामनाच झाला नव्हता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते व्यावसायिक झाले, तोवर त्यांची चाळिशी उलटली होती. मधल्या काळात ते हॉलमध्ये पैशावर खेळत. जिमी व्हाइट यांनी त्यांना आपला आदर्श म्हटलेले आहे, आणि त्यांचा वेग व सहजता पाहिलेल्या माणसाला हे समजण्यासारखे आहे असे जुने लोक सांगतात. स्पेन्सर यांच्यावरचा तो ११-३ हा आकडा नसता तर शंकासुर यांनी याही गोष्टीला दंतकथाच म्हटले असते.

शंकासुर :

म्हटले असते, निश्चितच. परंतु हूलिहन यांच्या बाबतीत आकडा आहे, हाच माझा मुद्दा होता. माटुंगेकर यांच्या वर्णनाबद्दल मात्र मला शंका नाही. खोटे सांगणारा माणूस चमत्कारिक फटके सांगतो. चेंडू दर वेळी त्याच जागी थांबत होता, असे कंटाळवाणे काही तो सांगणार नाही.

रत्नागिरीचा खलाशी :

जहाजावर असल्यामुळे हा धागा उशिरा वाचला. ज्याला हरायची हौस आहे त्याने फिलिपिन्समध्ये उतरावे. आमच्या जहाजांवर फिलिपिनो सहकारी नेहमीच असतात, आणि त्यांच्यासोबत मनिलाच्या वस्त्यांमधून मी पुष्कळ खेळलो आहे. तिथे पत्र्याच्या छपराखाली, रस्त्याला लागून टेबले असतात. कापडाला ठिगळे, कुशन एका बाजूला मेलेली, आणि समोर बनियन घातलेला एखादा माणूस, जो तुम्हाला अगदी अदबीने पहिला ब्रेक देतो.

त्यांच्या खेळाचे मूळ रोटेशनमध्ये आहे. पंधराही चेंडू क्रमाने, एकपासून पंधरापर्यंत खेळायचे. चेंडूवरचा आकडा म्हणजेच त्याचे गुण. एकूण १२० होतात, म्हणून ६१ झाले की डाव जिंकला. पांढऱ्याने प्रथम सर्वांत लहान आकड्यालाच लागले पाहिजे, आणि टेबलावर चौदा इतर चेंडू अडथळ्यासारखे पसरलेले असतात. साहजिकच त्यांचा अर्धा खेळ लपलेल्या चेंडूला कुशनवरून गाठण्यात जातो. आपण आड सापडलो की फाउल टाळण्यापुरते खेळतो. मी ज्यांच्याकडून हरलो ते एक मासेविक्रेते होते. ते दोन कुशनवरून चेंडू गाठत, तो खिशात जाण्याजोगा नसेल तर मला आड टाकूनच पांढरा थांबवीत, आणि मेलेल्या कुशनचा हिशेब त्यांच्या फटक्यात आधीच धरलेला असे. पांढरा त्या बाजूने कमी परत येतो हे माहीत असल्यामुळे ते मुद्दाम तीच बाजू वापरीत, कारण बाहेरच्या माणसाला तिथून उत्तर देता येत नाही. म्हणजे खिसे रुंद होते की अरुंद, या प्रश्नाखेरीज टेबल कोणाला अधिक ठाऊक होते हाही प्रश्न विचारायला हवा.

एफ्रेन रेयेस याच मातीतले. १९५४ साली पंपांगात जन्म, मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये बालपण. १९८५ मध्ये ते अमेरिकेत ह्यूस्टनला गेले तेव्हा त्यांचे नाव तिथल्या जाणकारांच्या कानांवर आलेले होते, पण चेहरा कोणी पाहिलेला नव्हता. म्हणून ते 'सीझर मोरालेस' या नावाने उतरले आणि ती स्पर्धा जिंकले. पुढे १९९९ मध्ये ते कार्डिफला नाइन-बॉलचे जगज्जेते झाले. त्यांना नेणारा कोणीतरी मिळाला. माझ्या मासेविक्रेत्यांना विचारले तर ते म्हणाले की, त्यांच्याच गल्लीत त्यांच्याहून चांगले दोघे आहेत, आणि मग त्यांनी मला त्या दोघांकडून हरायला पाठवले. दोघांतला एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता.

डेक्कनकर :

सर्वांचे आभार. छायाचित्राबद्दल माटुंगेकरांनी विचारले आहे, तर तिघांपैकी एकाचेही नाही. भिंतीवर एका शीतपेयाची जाहिरात आहे. माझा आता एक व्यावहारिक प्रश्न उरतो. माटुंगेकर, तुमचे मार्कर टिपा बदलत असे तुम्ही लिहिले आहे. आमच्या पार्लरमधल्या क्यूंच्या टिपा इतक्या गुळगुळीत आणि सपाट झालेल्या असतात की खालून मारले की क्यू घसरते. ते टिप कशी निवडत आणि कशी बसवत, हे तुम्ही पाहिले आहे का?

माटुंगेकर :

पुष्कळदा पाहिले आहे. डबीतल्या टिपांपैकी प्रत्येक ते अंगठ्याच्या नखाने दाबून पाहत. नख सहज रुतले तर ती बाजूला, अजिबात रुतले नाही तर तीही बाजूला. क्यूचे टोक आणि टिपेची खालची बाजू दोन्ही पॉलिश पेपरवर अगदी सपाट करून मग डिंक लावीत आणि क्यू उलटी करून, टिप खाली येईल अशी, रात्रभर भिंतीला उभी ठेवीत, म्हणजे तिच्याच वजनाने टिप दाबून बसे. दुसऱ्या दिवशी कडा घासून घुमट आकार देत. हा आकार जुन्या एक रुपयाच्या नाण्याच्या कडेशी जुळवून पाहत. त्यानंतर पहिले दोन दिवस ती क्यू कोणालाही देत नसत. स्वतः खेळून टिप बसली की पुन्हा एकदा घासत. पार्लरमधल्या गुळगुळीत टिपेवर आधी बारीक पॉलिश पेपर फिरवून खरखरीतपणा आणा आणि मग खडू लावा. तेवढ्याने बरेच काम होईल. टिप दीड-दोन मिलिमीटरच उरली असेल तर मात्र ती बदलायलाच हवी, घासण्यासारखे त्यात काही राहिलेले नसते.